टिपांसह आवृत्ती

शुक्रवार, १० जानेवारी १९९७

फिर्यादी मी, वय पन्नाशीला दोन वर्षे कमी, धंदा संस्कृत शिकवणे. आरोपी समोरच्या गल्लीतला मांजावाला. गुन्हा असा की, आज सकाळी साडेदहा वाजता विजेच्या दोन खांबांमध्ये ताणून ठेवलेल्या ओल्या गुलाबी दोऱ्याने त्याने माझ्या धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर डाव्या खांद्यापासून उजव्या बरगडीपर्यंत रेघ ओढली. अगदी जानव्याच्या वाटेने. मी म्हटले, "भाई, हे काय?" तर म्हणाला, "साहेब, पाको रंग छे, नहीं जाय." जणू मी रंगाची हमी मागायला थांबलो होतो! उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, चार दिवसांवर आलेले असताना या गुजराती शहरात मला न्याय मिळण्याची सुतराम शक्यता नाही. वत्सलेने साबण लावला, लिंबू चोळले आणि शेवटी म्हणाली, "अहो, उजवीकडूनही एक मारून घ्या. डिझाइन वाटेल."

हा राग अंगावर घालून कॉलेजात गेलो, तर तिथे फलकावर याहून मोठा राग माझी वाट पाहत होता. ग्रंथपालांची सूचना: वार्षिक मोजणीसाठी सर्व विद्यार्थ्यांनी सर्व पुस्तके ३१ जानेवारीपर्यंत जमा करावीत, त्यानंतर देवघेव बंद. परीक्षा १७ मार्चला! म्हणजे पंगत बसली, वरणभात वाढला, आणि यजमान म्हणतो, "ताटे जरा परत द्या, मोजायची आहेत."

जळगावच्या साप्ताहिकात मी दर पंधरा दिवसांनी 'तापीकाठचे पत्र' लिहितो. या वेळी विषय शोधावा लागणार नाही.

सोमवार, १३ जानेवारी

तिसऱ्या वर्षाचा वर्ग. अकरा विद्यार्थी, पुस्तके चार. "पान अठ्ठावन्न, टीप सात पाहा," म्हटले की चार डोकी खाली जातात आणि बाकीची सात माझ्याकडे बघतात, देवळाबाहेरून गाभाऱ्याकडे बघावे तशी.

हर्षदा तिसऱ्या बाकावर बसते. डिंडोलीहून येते. वडील सुकदेव पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये कापड रंगवतात. मूळचे पारोळ्याकडचे. पोरगी सातवीपर्यंत नगरपालिकेच्या मराठी शाळेत, पुढे गुजरातीत शिकली, आणि आता माझ्याकडे संस्कृत. पुढे बी.एड. करून शिक्षिका व्हायचे आहे. बापाने सांगून ठेवले आहे: या वर्षी पास झालीस तर पुढे, नाहीतर बस्स.

मी सवयीने टोमणा मारला, "हर्षदाबाई, पुस्तकाशिवाय संस्कृत म्हणजे दोऱ्याशिवाय पतंग. तुमचा कुठे अडकला?"

ती उभी राहून म्हणाली, "सर, पुस्तक आहे."

"कुठे?"

"लायब्ररीत. कपाटात."

पोरे हसली. मीही हसलो. तास संपल्यावर मात्र तिच्यामागून ग्रंथालयात गेलो. काचेचे कपाट, त्याला पितळी कुलूप, आत दोन प्रती शेजारी शेजारी, नव्या कोऱ्या, नवरानवरीसारख्या. ग्रंथपाल ललितभाई चष्म्यावरून बघत म्हणाले, "आवो शास्त्रीजी! आज रस्ता चुकलात?"

"ही पुस्तके घरी का देत नाही?"

"दोन छे, ने छोकरा अग्यार. एकाने घरी नेले तर दहा मरतील. इथे बसून वाचा. तास तास वाटून दिला आहे."

"आणि पाच वाजता कुलूप!"

"पाच वाजता कॉलेज बंद, साहेब. मी नाही बंद करत."

उत्तर तयार ठेवणारी माणसे मला आवडत नाहीत. हे पुस्तक विद्यापीठात लागावे म्हणून मी तीन वर्षांपूर्वी अभ्यास मंडळात दोन तास भांडलो होतो. आधी एक पातळ, नुसत्या मूळ संहितेची प्रत लागलेली होती. ना टिपा, ना पाठभेद, ना प्रस्तावना. नवसारीचे एक प्राध्यापक म्हणत होते, राहू द्या तीच, पोरांना परवडते. मी म्हटले, परवडण्याचा विषय अर्थशास्त्राच्या मंडळात न्या. टाळ्या पडल्या. मी ज्यासाठी लढलो तो ग्रंथ आज काचेआड शोभेला ठेवलेला पाहून माझे रक्त खवळले.

गुरुवार, १६ जानेवारी

छत्री विसरलो (जानेवारीत छत्री का नेतो हा वत्सलेचा प्रश्न), म्हणून सव्वापाचला परत गेलो. ग्रंथालयाचे शटर अर्धे खाली. वाकून पाहिले. आत ललितभाई रजिस्टर लिहीत होते आणि कोपऱ्यातल्या टेबलावर हर्षदा मी लावलेले ते पुस्तक उतरवून काढत होती. हाताने! दोनशे पानी वही, तिसरी चालू. वेलबुट्टीसारखे स्वच्छ अक्षर. मी वही चाळली. मूळ संहिता, खाली रेघ, रेघेखाली टिपा, टिपांखाली पाठभेद. एकही गाळला नव्हता. ज्या पाठभेदांवर मी स्वतः वर्गात झोपाळल्या आवाजात बोलतो तेसुद्धा.

"इतके सगळे कशाला गं?"

"सर, तुम्ही म्हणता ना, टीप सात बघा, टीप बारा बघा. कोणती येईल काय माहीत? म्हणून सगळ्याच."

मी हेलावलो, हे लिहायला हरकत नाही. ही निष्ठा! आणि हिला ही निष्ठा दाखवायला अर्ध्या शटरखालून वाकून जावे लागते. आपल्या या दारूबंदीच्या राज्यात बाटली घ्यायला जसे जातात तसे. दारू पिणाऱ्याला निदान घरी नेता येते.

ललितभाई म्हणाले, "शास्त्रीजी, पाहिलंत ते पाहिलंत. बोलू नका हं कुठे. हिची शटल गाडी सहाची असते, तोवर बसते."

मी मान हलवली. मनात वाक्ये जुळत होती.

रविवार, १९ जानेवारी

दिवसभर पत्र लिहिले. चार कागद. गेल्या कित्येक वर्षांत इतके सलग सुचले नव्हते. 'सरस्वतीच्या मंदिरात धनावरचा नाग' असा मथळा. मोजणीच्या सूचनेपासून सुरुवात, पंगतीची उपमा, पितळी कुलूप, मग उत्कर्षबिंदू म्हणून अर्धे शटर आणि 'डिंडोलीच्या एका रंगारी कामगाराची गुणी कन्या, जिला पाठ्यपुस्तक विकत घेणे शक्य नाही.' नाव अर्थातच दिले नाही. सभ्यता म्हणून काही असते. कॉलेजचेही नाही.

वत्सलेला वाचून दाखवले. ऐकता ऐकता ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, "छान आहे. पण तुमच्याकडे आहे ना हे पुस्तक? मग तिला द्या की."

मी समजावले की माझ्या प्रतीच्या समासात माझी टिपणे आहेत, आणि आपली प्रत बाहेर द्यायची नाही हा आमच्याकडे वडिलांपासूनचा नियम आहे. गेलेले पुस्तक येत नाही, आले तर ओळखू येत नाही.

"म्हणजे तुम्ही आणि ललितभाई एका गोत्राचे."

हा शुद्ध हेत्वाभास आहे. त्यांचे कपाट सार्वजनिक, माझे खासगी. दोन्हींना कुलूप आहे एवढ्यावरून दोन्ही एक ठरत नाहीत. मी तिला हे सांगितले. ती "बरं" म्हणाली. तिच्या 'बरं'चे मी आजवर कधी खंडन करू शकलेलो नाही.

बुधवार, २९ जानेवारी

छापून आले! सबंध अर्धे पान. अंक भुसावळच्या गाडीने उधन्याला उतरतात आणि तिथून लिंबायत, पांडेसरा, डिंडोली असे पसरतात. सकाळी चौकातल्या न्हाव्याने दाढीचे पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "सर, चांगली जिरवली." कोणाची जिरवली हे त्याला माहीत नव्हते, पण जिरवल्याचा आनंद खरा होता.

कार्यालयातला श्रीपत अमळनेरचा. त्याने अंक प्राचार्यांना गुजरातीत भाषांतर करत वाचून दाखवला म्हणे, तोही रस घेऊन, शटरच्या प्रसंगाला आवाज बदलून. संध्याकाळी मी माझेच पत्र तीनदा वाचले. एक 'च' जास्त झाला आहे. बाकी निर्दोष.

सोमवार, ३ फेब्रुवारी

संताप, संताप! या लोकांना धडा शिकवावा तर ते वेगळाच धडा शिकतात.

ललितभाईंना लेखी मेमो: कार्यालयीन वेळेनंतर विद्यार्थिनीला आत बसू दिले, खुलासा करा. ग्रंथालय आता पाचच्या ठोक्याला बंद. त्या दोन प्रती 'सुरक्षेसाठी' प्राचार्यांच्या खोलीतल्या कपाटात गेल्या. मी प्राचार्यांकडे गेलो, तर ते म्हणाले, "आपणच लिहिलेत ना, अर्ध्या शटरमागे? मुलीची जात आहे साहेब, उद्या कोणी काही बोलले तर?" मी, लिहायला संकोच वाटतो, नमस्कार करून बाहेर पडलो.

प्रवेशद्वाराला संगमरवर लावणे चालू आहे. त्याला मोजणी नाही, कुलूप नाही, मेमो नाही.

हर्षदा वर्गात नव्हती.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आजचे नीट लिहायला हवे.

ललितभाईंकडे गेलो. खरे म्हणजे त्यांची समजूत काढायला. माझा रोख व्यवस्थेवर होता, व्यक्तीवर नव्हता, असे काहीतरी तयार करून. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "नाग लिहिलंत मला. चालेल. नाग दूध पितो, असे तुमच्यात म्हणतात. मला तर चहाही कोणी पाजत नाही. चला, माळ्यावर चला."

"माळ्यावर?"

"चढाय छे के नहीं?"

लोखंडी शिडी. गुडघे कुरकुरले. वर पत्र्याखाली सुतळीने बांधलेले गठ्ठे. त्यांनी एक सोडला. ती जुनी पातळ प्रत, नुसत्या संहितेची. एका गठ्ठ्यात दहा, असे चार गठ्ठे.

"चालीस," ललितभाई म्हणाले. "तुमचे नवे पुस्तक लागले, तेव्हा तुम्ही सही करून दिलीत, जुनी रद्द, रद्दीत काढा. मी काढली नाहीत. कागदावर काढली, इथे ठेवली. मोजणीत सापडली तर एक पुस्तक जास्त तरी गुन्हा, एक कमी तरी गुन्हा. कमी पडले की माझ्या पगारातून कापतात, म्हणून कुलूप. मला शौक नाही कुलपाचा. दर वर्षी परीक्षेआधी मोजणी मी ठरवतो असे वाटते तुम्हाला? वरून कागद येतो."

मी म्हटले, "पण यात टिपा नाहीत."

ते खाली गेले आणि बांधलेली प्रश्नपत्रिकांची फाइल घेऊन परत वर आले. तीन वर्षांच्या. माझ्याच. मीच काढतो. त्यांनी माझ्यापुढे धरल्या. "संस्कृत मला येत नाही, साहेब. तुम्ही सांगा, यातला कोणता सवाल या पातळ पुस्तकातून नाही येत?"

पत्र्याखाली उकडत होते. मी तिन्ही वर्षे वाचली. भाषांतर करा, व्यक्तिरेखा लिहा, संदर्भासह स्पष्टीकरण द्या. पातळ प्रतीतून न येणारा एकही प्रश्न नव्हता. टीप सात नाही, टीप बारा नाही. इतक्या अवघड गोष्टी परीक्षेत विचारणे योग्य नव्हे, असे मलाच वाटत आले आहे.

"नव्याची किंमत किती आहे?" मी विचारले.

ललितभाईंनी माझ्याकडे असे पाहिले की मी नजर वळवली. "पहिल्या पानाच्या मागे छापलेली असते, शास्त्रीजी. याच्या सहापट. पुस्तक लगाडता पेला मने एक वार पूछो तो खरा! कोणत्या प्रती आहेत, किती आहेत, बाजारात काय मिळते, सगळे सांगतो. बावीस वर्षे इथे आहे. मंडळावरचा एक माणूस आला नाही कधी विचारायला. पुस्तके तुम्ही ठरवता, शिव्या मी खातो."

माझ्या घरच्या प्रतीवर ती किंमत असेलच. मला ती प्रकाशकाकडून भेट आली होती.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

ललितभाईंनी जुन्या प्रतींचा एक गठ्ठा खाली आणला. रद्द झालेले पुस्तक रजिस्टरवर नाही, म्हणजे देता येत नाही; पण रजिस्टरवर नाही म्हणजे मोजताही येत नाही. पहिले वाक्य नियमाचे, दुसरे त्यांचे. वर्गात सहा जणांना दिल्या. पोरे पाने उलटून म्हणाली, "सर, आटलुंज?" एवढेच? मी म्हटले, एवढेच.

सातवी हर्षदाची. ती अजून येत नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

डिंडोलीला गेलो. एक पातळ प्रत आणि, वत्सलेने परस्पर पिशवीत घातलेली, माझी समासातल्या टिपणांची प्रत.

घर शोधावे लागले नाही. नाक्यावर विचारले तर पानवाला म्हणाला, "कोण, ती पुस्तकवाली? पेपरात आलेली?" आणि बोट दाखवले. नाव न देण्याची माझी सभ्यता इतकीच टिकली होती.

दोन खोल्या. सुकदेव रात्रपाळी करून झोपून उठले होते. नखांच्या कडांना निळा रंग, कायमचा. त्यांच्या पत्नी उषाबाईंनी लोटाभर पाणी दिले.

"या सर, बठा," सुकदेव म्हणाले. "तुम्ही लिखेल वाचं मी. दोनदा वाचं. आमना खात्यात बी सगळास्नी वाचं."

मी म्हटले, ते मी चांगल्या हेतूने...

"हा ना, हेतू चांगलाच व्हता." मग माझ्यासाठी जरा शुद्ध बोलू लागले. "सुपरवायझर बोलला, काय सुकदेवभाई, पोरीला पुस्तक नाही घेऊन देत? चार माणसांत. मी बोललो, कोण बोलतो नाही देत?"

ते उठले आणि फळीवरून एक वस्तू काढली. प्लास्टिकच्या पिशवीत, वरून टॉवेल गुंडाळलेला. टॉवेल सोडला. टिपांसह आवृत्ती. नवी. इतकी नवी की पाने एकमेकांना चिकटलेली होती.

"अमदावादथून मंगाडं. दखा सर, बरोबर शे ना? हाईच ना?"

त्या माणसाचा चेहरा बघवत नव्हता, इतका तो खूश होता. मी म्हटले, "हेच. अगदी हेच." आणि पायाशी ठेवलेली पिशवी टाचेने मागे सरकवली.

"हर्षदा कुठे आहे?"

उषाबाई चहा गाळता गाळता बोलल्या, "कामले जास ना पोर. साडीस्नी घडी करानं काम शे, माना बहीणना कारखानामा. महिनाभर. पुस्तकना पैसा भरी निंघावा म्हनीसन." आणि नवऱ्याकडे न बघता पुढे म्हणाल्या, "मी बोलनू यास्ले, पुस्तक नको, पोरले वाचाले बसू द्या घरमा. तर आयकतस कुठे."

"परीक्षेच्या आधी सोडवणार ना तिला?" मी विचारले.

"बघू ना सर," सुकदेव म्हणाले. "आते पुस्तक शे ना. पुस्तक असल्यावर काय काळजी?"

त्यांनी ते पुन्हा टॉवेलात गुंडाळले. मला सांगायचे होते. परीक्षेला हे लागत नाही, तुमच्या पोरीने तीन वह्या उतरवल्या त्याही पुरतात, हे परत करा, तिला घरी आणा. सगळी वाक्ये तयार होती, आणि मी आयुष्यभर वाक्यांवर जगलेला माणूस आहे. पण त्यातले कोणतेही बोलायचे म्हटले तर आधी हे बोलावे लागले असते की, हे पुस्तक मी लावले, उगाच लावले. मी चहा प्यालो, साखर जास्त होती, आणि उठलो. दोन्ही पुस्तके पिशवीत परत घेऊन आलो.

वत्सलेने पिशवी पाहिली. आज 'बरं'सुद्धा म्हणाली नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

अभ्यास मंडळाला गेल्या आठवड्यात पत्र पाठवले: यापुढे कोणतेही पुस्तक लावण्यापूर्वी संलग्न कॉलेजांच्या ग्रंथपालांकडून उपलब्ध प्रती व किंमत यांची माहिती घ्यावी, आणि संस्कृतची जुनी आवृत्ती पुन्हा लावावी. आठ ओळी. एकही उपमा नाही. लिहायला अडीच दिवस लागले. ललितभाईंना दाखवले, तर म्हणाले, "हे छापून नाही येणार कुठे. चांगले आहे."

उत्तर आले आहे की विषय जूनच्या बैठकीत ठेवू.

आणि सुकदेवांना पत्र लिहिले. तिसऱ्यांदा. पहिली दोन फाडली, कारण दोन्हींत मी फार चांगला दिसत होतो. हे टाकले.

शनिवार, ८ मार्च

आज परीक्षेची ओळखपत्रे वाटली. श्रीपतच्या टेबलावर दुपारी चारपर्यंत अकरांपैकी एक उरले होते. फोटोत हर्षदा कॅमेऱ्याकडे नाही, जरा बाजूला बघते आहे. मी ललितभाईंना विचारले, काही कळले का. ते म्हणाले, गेल्या आठवड्यात निरोप पाठवला होता. मालाची घाई आहे, लग्नसराई, कारखाना सोडत नाही. माझ्या पत्राचे उत्तर नाही. ते पोचले का, वाचले का, की पुस्तकासारखे गुंडाळून ठेवले, माहीत नाही.

उद्या मी पुन्हा डिंडोलीला जाणार आहे आणि या वेळी बोलणार आहे. हे मी मागच्या रविवारीही लिहायला घेतले होते.

इतके दिवस या वहीत मी मांजावाल्यावर, प्राचार्यांवर, मोजणीवर, संगमरवरावर रागावलो. ते सगळे रागावण्यासारखेच आहेत. पण झोप लागत नाही ती त्यांच्यामुळे नाही. मला भीती वाटते की सतरा तारखेला हर्षदा येणार नाही, आणि तिच्या घरी तिलाच म्हणतील, तुला तर पुस्तक आणून दिले होते.